कॉम्प्युटरची पेटी घेताना काय पाहावे?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. शेती खात्याच्या माणसाने कॉम्प्युटरच्या पेटीवर कशाला लिहायचं? कारण असे की, ही पेटी आम्ही एकदा चुकीची घेतली आणि त्याचा त्रास सभासदांना भोगावा लागला.

गोष्ट २०२३-२४ च्या गळीत हंगामातली. आमच्या एका गट ऑफिसात नवा कॉम्प्युटर बसविला होता. ऑफिस रस्त्याला लागून. समोरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जाणार, धुरळा उडणार, वारा फिरला की कारखान्याकडून बगॅसची भुकटी येणार. जानेवारीत हा कॉम्प्युटर दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडू लागला. अर्धा तास थांबले की चालू होई, पुन्हा बंद. तोडणीच्या स्लिपा निघेनात. चिटबॉयने काही दिवस हाताने स्लिपा लिहिल्या आणि त्यात क्रम मागेपुढे झाला. जुलै २०२२ ची आडसाली लागण असलेल्या एका सभासदाचा ऊस अठरा महिन्यांचा होऊन तुऱ्यावर उभा. ते चार वेळा हेलपाटे घालून गेले आणि शेवटी भर ऑफिसात म्हणाले, "साहेब, मशीन बरोबर आमच्याच नंबराला कसं बंद पडतं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. नोंदीच्या क्रमावर सभासदांचा विश्वास राहिला नाही, तर सहकारी कारखान्याच्या शेती खात्याजवळ दुसरे काय उरते?

कारागिराला बोलावून पेटी उघडली. आत प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा आणि भुशाचा थर पिंजलेल्या कापसासारखा बसलेला. पेटीची पुढची बाजू अखंड काचेची, हवेला आत यायला खाली बोटभर फट. ही काचेची पेटी आम्हीच तालुक्याच्या दुकानातून पसंत करून आणली होती. आत रंगीत दिवे होते, ऑफिसात शोभा येईल असे वाटले. आम्ही त्या सभासदांना बोलावून ती उघडी पेटी दाखविली. त्यांची खात्री पटली, पण उसाचे वजन घटायचे ते घटलेच होते.

आता कॉम्प्युटर काही कारखान्यापुरता राहिलेला नाही. दूध संकलन केंद्रात तो आहे, सेवा केंद्रात आहे, मुलांच्या अभ्यासासाठी घराघरांत येत आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तेव्हापासून गावच्या विकास सोसायटीचा हिशेबही त्यावर चढू लागला. म्हणून आम्ही चुकून जे शिकलो, ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

पेटीचे खरे काम

बाजारात हिला कॅबिनेट म्हणतात. आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणायची पद्धत पडली आहे, पण सीपीयू म्हणजे आतली प्रोसेसरची चिप. आपण बोलतो आहोत ते बाहेरच्या पत्र्याच्या पेटीविषयी.

कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत जाते. साध्या ऑफिसच्या कामाचा कॉम्प्युटर साधारण ६० ते १०० वॅट घेतो. मोठे ग्राफिक्स कार्ड बसविले तर हा आकडा ३०० च्या पुढेही जातो. ही उष्णता आत साठली की प्रोसेसर तापतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतात आणि तरीही उष्णता वाढली तर बंद पडतात. म्हणून कॉम्प्युटर दुपारी मंद चालतो आणि सकाळी बरा चालतो, असे दिसले की व्हायरसला दोष देण्याआधी पेटीकडे पाहावे.

पेटीचे पहिले काम म्हणजे थंड हवा आत घेऊन ती तापलेल्या भागांवरून नेणे आणि गरम हवा बाहेर टाकणे. बाकी सगळी कामे त्यानंतरची. आमचे सांगणे थोडक्यात हेच की, पेटी घेताना हवेचा रस्ता आधी पाहावा आणि रूप शेवटी.

पाटाचे पाणी आणि पेटीतली हवा

सरीला पाणी देताना आपण काय करतो? पाटाचे तोंड मोकळे ठेवतो, बांध फुटू देत नाही आणि शेवटच्या टोकापर्यंत उतार आहे ना ते बघतो. पेटीतल्या हवेचेही तसेच आहे. तोंड पुढच्या बाजूला, शेवट मागच्या बाजूला, आणि मध्ये प्रोसेसर.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. समजा पेटीत १५० वॅट उष्णता निघते आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू नये अशी आपली इच्छा आहे. तर सेकंदाला साडेबारा लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे, म्हणजे दर सेकंदाला साधारण एक घागरभर. पुढचे तोंड बंद असल्यामुळे निम्मीच हवा आली, तर तापमान १० ऐवजी २० अंशांनी वाढेल. एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० अंश असतात. मग आतली हवा ६० अंशांवर जाणार. एवढ्या गरम हवेने प्रोसेसर थंड होणार कसा?

म्हणून पुढची बाजू जाळीची घ्यावी. काचेची किंवा सलग पत्र्याची घेऊ नये. जाळीतून पलीकडचा पंखा दिसला पाहिजे. पंखे शक्यतो १२० मिलिमीटरचे, म्हणजे पावणेपाच इंची घ्यावेत. लहान पंख्याला तेवढीच हवा ओढायला जास्त वेगाने फिरावे लागते, त्यामुळे आवाज वाढतो.

पंखे उलटसुलट बसविलेले आम्ही पाहिले आहेत. तपासायची युक्ती अशी : कागदाची बारीक पट्टी घ्या. ती पुढच्या जाळीजवळ धरली की जाळीकडे ओढली गेली पाहिजे आणि मागे धरली की बाहेर उडाली पाहिजे. दोन्हीकडे उडत असेल, तर पुढचा पंखा उलटा बसला आहे असे समजावे.

काहीजण उन्हाळ्यात पेटीचे बाजूचे झाकण काढून ठेवतात. "उघडं आहे म्हणजे थंड राहील," असे त्यांना वाटते. हा फुटका बांध झाला. मोठे ग्राफिक्स कार्ड असेल तर थोडा वेळ फरक दिसतोही, पण आखलेला प्रवाह मोडतो आणि धूळ, पाली, मुंग्या यांना दार उघडे मिळते. झाकण काढल्यावर कॉम्प्युटर एकदम बरा चालू लागला, तर त्याचा अर्थ एवढाच की पुढचे तोंड अपुरे आहे. इलाज तिथे करावा.

धुळीचा बंदोबस्त

आपल्या भागात उष्णतेपेक्षा धूळ मोठी शत्रू. पाचटाचा चुरा, रस्त्याचा फुफाटा, पेटविलेल्या फडाची काळी राख, आणि कारखान्याजवळ बगॅस. धूळ नुसती घाण करीत नाही, ती पंख्याखालच्या पात्यांमध्ये अडकून हवेची वाट बुजविते.

यासाठी पुढच्या जाळीमागे सुटी निघणारी बारीक गाळणी असावी. स्क्रू न काढता हाताने ओढून निघेल अशीच घ्यावी. ज्या गाळणीला पेचकस लागतो ती कोणी धूत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट पंख्यांच्या संख्येची. आत हवा घेणारे दोन आणि बाहेर टाकणारा एक, असे ठेवल्यास पेटीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. मग प्रत्येक फटीतून हवा बाहेर येते आणि धूळ फक्त गाळणीच्या वाटेनेच आत जाऊ शकते. उलट केले, म्हणजे बाहेर टाकणारे जास्त ठेवले, तर हवा प्रत्येक भोकातून आणि सांध्यातून आत ओढली जाते आणि गाळणीचा उपयोग राहत नाही.

तिसरी गोष्ट मागच्या उभ्या-आडव्या फटींची. जादा कार्डांसाठी ठेवलेल्या या जागांवर पत्र्याच्या पट्ट्या असतात. हलक्या पेटीत त्या तोडून काढायच्या असतात आणि एकदा तोडल्या की पुन्हा बसत नाहीत. स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात आणि एकही फट उघडी ठेवू नये. उंदराच्या पिलाला बोटभर फट पुरते. धान्याची पोती शेजारी असलेल्या सोसायटीच्या ऑफिसात तर हे आधी पाहावे.

वजनकाट्याची खोली किंवा बॉयलरजवळचे केबिन अशा फार धुळीच्या जागी साधी पेटी घेऊच नये. तिथे पंखा नसलेला, बाहेरून खाचांचा ॲल्युमिनियमचा बंद कॉम्प्युटर मिळतो, तो घ्यावा. त्यावर 'आयपी ५४' अशी खूण असल्यास पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असे समजावे. ५ म्हणजे काम बिघडेल एवढी धूळ आत जात नाही, ४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात.

मोठ्या कंपन्यांनाही हाच धडा

आज बाजारात दिसणाऱ्या पेट्या ज्या मापाने बनतात ते एटीएक्स माप इंटेल कंपनीने १९९५ मध्ये आणले. पुढे प्रोसेसर फार तापू लागले, तेव्हा त्याच कंपनीने २००४ मध्ये बीटीएक्स नावाची नवी मांडणी बाजारात आणली. तीत पुढून येणारी हवा सरळ रेषेत प्रोसेसरवरून मागे जाईल अशी रचना होती. पण त्यानंतर कमी तापणारे प्रोसेसर आले आणि २००६ मध्ये कंपनीने ही मांडणी पुढे नेणे थांबविले. जुने एटीएक्स माप टिकून राहिले.

यातून आपण घ्यायचे ते असे की, उष्णतेवर इलाज दोन : हवेला चांगली वाट देणे, आणि मुळात उष्णता कमी निर्माण करणे. हिशेब, नोंदी, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी मोठा प्रोसेसर आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. गरजेपुरते यंत्र घेतले की पेटीचे काम निम्मे होते.

मापे जुळतात का?

दुकानात जाण्यापूर्वी आत काय बसवायचे ते ठरवावे, मग पेटी पाहावी. मदरबोर्डाची नेहमीची मापे तीन. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या पेटीत बहुधा लहान बोर्ड बसतो, लहान पेटीत मोठा बसत नाही. घर आणि ऑफिस यांसाठी मायक्रो-एटीएक्स पुरेसा आहे.

त्याशिवाय दोन मापे पेटीच्या माहितीपत्रकात पाहावीत : प्रोसेसरवरच्या पंख्याची जास्तीत जास्त उंची आणि ग्राफिक्स कार्डाची जास्तीत जास्त लांबी. फार चिंचोळी पेटी घेऊ नये. आत हात गेला नाही तर सफाईही होत नाही.

पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पत्रा लवतो आणि पंखा चालू झाला की थरथरतो. आतल्या कडा दुमडलेल्या आहेत का, तेही बोट सांभाळून पाहावे. धारदार कडांनी कारागिराचा हात कापतो आणि वायरही सोलते.

वीज आणि अर्थिंग

स्वस्त पेटीबरोबर बरेचदा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारा डबा, फुकट मिळतो. त्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असे लिहिलेले असते. त्यावर जाऊ नये. लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहून १२ ने गुणावे. समजा १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसरला आणि कार्डाला मिळणारी खरी ताकद १९२ वॅटच. फुकटचा डबा नाकारून चांगला डबा वेगळा घेतलेला परवडतो, कारण तो बिघडला तर बाकीचे भागही जाण्याची भीती असते.

डब्याची जागा पेटीत तळाशी असेल आणि त्याचा पंखा खालून हवा घेत असेल, तर तळाला गाळणी आणि निदान अंगठ्याएवढे उंच पाय असावेत. अशी पेटी पोत्यावर किंवा सतरंजीवर ठेवली की त्याचा श्वास कोंडतो.

आता जिवाची गोष्ट. पेटी पत्र्याची आहे, तेव्हा तिला अर्थिंग पाहिजेच. "पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात," अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. त्याचे कारण समजून घ्यावे. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारी थोडी वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, राहतो. करंट फार थोडा असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पण आतली वायर सोलून पत्र्याला टेकली, तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो. विहिरीवरच्या मोटारीला आपण अर्थिंग करतो, तसेच घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटलाही खरोखरचे अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून मीटरने तपासून घ्यावे. तिसरी पिन मोडून प्लग घुसविण्याची सवय तर ताबडतोब सोडावी.

कशावर पैसे घालू नयेत

रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही. काचेने उष्णता कमी होत नाही. सहा-सात पंखेही नकोत. साध्या कामाला पुढे दोन आणि मागे एक एवढे पुरे. मुलांना काचेची पेटी हवी असली, तर काच बाजूला घ्यावी, पुढे जाळीच ठेवावी. म्हणजे त्यांचीही हौस होते आणि अभ्यासाच्या वेळी कॉम्प्युटर बंदही पडत नाही.

ठेवण्याची जागा आणि सफाई

चांगली पेटीसुद्धा जमिनीवर ठेवली की केरसुणीची सगळी धूळ ओढते. हातभर उंच स्टुलावर किंवा टेबलावर ठेवावी. मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा सोडावी, नाहीतर बाहेर टाकलेली गरम हवाच फिरून आत येते. कापड झाकायचे ते कॉम्प्युटर बंद केल्यावर. चालू असताना रुमाल टाकून पूजेच्या मूर्तीसारखा झाकलेला कॉम्प्युटर आम्ही पाहिलेला आहे!

गळीत हंगामात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याने गाळणी काढून पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळवून मगच बसवावी. बुजलेली गाळणी ही नसलेल्या गाळणीपेक्षा वाईट, कारण ती हवाच अडविते. हंगामापूर्वी आणि हंगामानंतर पेटी उघडून ब्लोअरने साफ करावी. त्याआधी प्लग काढावा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, भरधाव फिरू देऊ नये. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा जातो. ओले फडके आत लावू नये.

दुकानात पाहण्याचे पाच मुद्दे

१) पुढची बाजू जाळीची आहे का, आणि तिच्यामागे पंखा आहे का?

२) गाळणी हाताने निघते का?

३) आपला बोर्ड आणि आपला एसएमपीएस तीत बसतो का?

४) पत्रा जाड आहे का, कडा दुमडलेल्या आहेत का, मागच्या पट्ट्या स्क्रूच्या आहेत का?

५) आत हात घालून सफाई करता येईल एवढी जागा आहे का?

हे पाचही ठीक असतील, तर मग रंग पाहावा.

आमच्या त्या गट ऑफिसात आता जाळीची साधी काळी पेटी आहे. दुपारी नव्वदच्या वर जाणारा प्रोसेसरचा आकडा सत्तरच्या आसपास राहू लागला आणि त्या हंगामात उरलेल्या स्लिपा नोंदीच्या क्रमाने निघाल्या. आता प्रत्येक हंगामाच्या तोंडावर सर्व गट ऑफिसांतल्या पेट्या उघडून साफ करण्याचा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे. त्या दिवशी ज्यांना पाहायचे असेल त्या सभासदांनी आपल्या गट ऑफिसात अवश्य यावे. घरचा कॉम्प्युटर असणाऱ्यांनी मुलांनाही बरोबर आणावे. सफाई कशी करायची ते त्यांनाही पाहायला मिळेल, आणि आपल्या तोडीचा नंबर ज्या यंत्रातून निघतो त्याचे पोट आतून कसे असते, हे सभासदांच्याही नजरेखालून जाईल.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग